कार्टून आणि घरातले कान

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या घरी एक हेडफोन आला. निळा, मऊ गादीचा, वर मांजराचे दोन कान असलेला. लहान मुलांसाठी त्यात आवाजाची मर्यादा घातली आहे, असे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. मुलगा तेव्हा पावणेचार वर्षांचा होता. मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्याची मुभा होती आणि घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरात जेवणाचे टेबल हेच माझे कार्यालय होते. टेबलाच्या एका टोकाला माझी बैठक, दुसऱ्या टोकाला त्याची बालगीते आणि खिडकीबाहेर मेट्रोच्या कामाची धडधड, असे तीन-चार वेळा झाल्यावर पलीकडच्या साहेबांनी, "तुमच्याकडे कोणाचा वाढदिवस आहे का?" असे विचारले आणि त्याच संध्याकाळी मी तो हेडफोन मागवला. दुसऱ्या दिवसापासून घरात अशी शांतता नांदू लागली की माझ्या हुशारीचे मलाच कौतुक वाटले.

जानेवारीत त्याला साधी सर्दी झाली म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले, तर दवाखान्याच्या पायरीवरच त्याने बसकण मारली. आमचे डॉक्टर हळू आवाजात बोलणारे आणि तपासून झाल्यावर प्रत्येक मुलाच्या हातावर चांदणीचा शिक्का उमटवणारे गृहस्थ आहेत आणि त्याआधी तो त्यांच्याकडे आनंदाने जात असे. आता मात्र तो रडत रडत, "ती काकू बांधून ठेवते," एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. कोणती काकू, हे काही केल्या उलगडेना. दुसऱ्या दिवशी केर काढताना त्याच्या पलंगाखाली त्याचा कापडी हत्ती सापडला. माझ्या जुन्या सलवारीच्या नाडीने त्याचे चारही पाय करकचून बांधलेले होते आणि पोटात एक झाकण नसलेले बॉलपेन खुपसलेले होते.

त्या रात्री तो झोपल्यावर मी फोनवरच्या व्हिडिओंच्या ॲपमध्ये काय काय पाहिले गेले याची यादी उघडली आणि मागे मागे जात राहिले. सुरुवात नेहमीच्या बसच्या गाण्यापासून होती. त्यानंतर तेच गाणे वेगळ्या रंगात, मग तेच गाणे एका प्रसिद्ध कार्टूनमधल्या पात्राची भ्रष्ट नक्कल करून आणि सातव्या की आठव्या व्हिडिओत ती काकू सापडली. हिरव्या केसांची, पांढऱ्या कोटातली ती बाई एका राजकन्येला खाटेला बांधून हातभर लांबीचे इंजेक्शन टोचत होती, राजकन्या रडत होती आणि मागे संगीत मात्र तेच, टाळ्यांचे आणि घुंगरांचे, बाळांना झोके देण्याचे. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, अकरा मिनिटे, आणि मुलाने तो एकदा नव्हे तर पाच वेळा पाहिल्याची नोंद तिथेच होती. नक्कल केलेल्या पात्रांच्या अशा विकृत चित्रफितींवर २०१७ साली जगभर बोभाटा झाला होता, त्या प्रकाराला 'एल्सागेट' असे नावही पडले होते आणि मी त्या बातम्या तेव्हा वाचल्याही होत्या. पण तेव्हा मला मूल नव्हते, त्यामुळे त्या बातम्या दुसऱ्यांच्या होत्या.

आधी मला राग आला तो ते व्हिडिओ बनवणाऱ्यांचा, मग ॲपचा, मग रात्री साडेआठला स्थानकावरून घामाघूम होऊन घरी येणाऱ्या नवऱ्याचाही, कारण तो समोर होता. राग ओसरल्यावर उरला तो हेडफोन. ती बाई अडीच महिने माझ्यापासून तीन हातांवर बोलत होती आणि ती मला ऐकू येऊ नये याची व्यवस्था मीच पैसे देऊन केली होती.

कार्टून कसे बदलले, यावर आमच्या सोसायटीतल्या पालकांमध्ये जी चर्चा होते ती बहुतेक वेळा हिंसा, भाषा आणि चित्रांचा दर्जा यांभोवती फिरते. "आपल्या वेळची कार्टून कशी निरागस होती!" हे वाक्य त्यात हमखास येते. मला ते पटत नाही. ज्यांना पटते त्यांनी 'टॉम अँड जेरी' पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावे. त्यात तवा आहे, सुरुंग आहे, शेपटी इस्त्रीखाली सापडणे आहे आणि दर सात-आठ मिनिटांत बोक्याचा किमान दोनदा चेंदामेंदा आहे. १९४० पासून निघालेले ते लघुपट मुळात चित्रपटगृहासाठी होते. मोठ्यांच्या चित्रपटाआधी, अंधारात, आईबापांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलांनी ते पाहायचे, अशीच कल्पना होती, म्हणून त्यांतले निम्मे विनोद मोठ्यांसाठी आहेत आणि संगीत तर पूर्ण वाद्यवृंदाचे आहे. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाले, ते काही केवळ मुलांच्या हट्टापायी मिळालेले नाहीत. मारामारी तेव्हाही होती. शेजारी कोणीतरी बसलेले होते, हा फरक.

माझे लहानपण नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गेले. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' लागू लागले तेव्हा मी तिसरीत होते. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी काही फरक पडला नसता, कारण तिचे शीर्षकगीत गुलजारांचे होते, चाल विशाल भारद्वाज यांची होती आणि शेरखानाच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज होता. त्या आवाजामुळे आमची आजी ती मालिका पाही, म्हणजे पाठ करून मेथी निवडत ऐके. शेरखान गुरगुरला की मान न वळवता, "आला मेला!" म्हणे. वडील वर्तमानपत्रामागे असत, पण ते पान उलटायचे थांबले की त्यांचे लक्ष कुठे आहे हे आम्हाला कळे. आई मधूनच स्वयंपाकघरातून, "अकेलाला काय झालं रे?" असे विचारी आणि मग आम्हाला घडलेले सगळे तिला सांगावे लागे. मी आणि माझा भाऊ त्या वेळी कार्टून पाहत होतो असे म्हणण्यापेक्षा आमचे सगळे घरच ते पाहत होते, हे म्हणणे जास्त बरोबर आहे. त्यात कोणाचीही शिस्त, जागरूकता किंवा पालकत्वाचा अभ्यास नव्हता. घरात टीव्ही एकच होता आणि खोल्या दोनच होत्या, एवढेच त्याचे कारण.

आणि ते संपत असे. पुढचा भाग सात दिवसांनी, यात घासाघीस करायला कोणी समोरच नसे. पुढे १९९५ मध्ये 'कार्टून नेटवर्क' केबलवाल्याने आणून दिले तेव्हा दिवसभर कार्टून ही कल्पनाच चैनीची वाटली, परंतु रात्र झाली की त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत आणि आमचा कारभार आपोआप आटपे. मुलांना टीव्हीपुढून उठवण्याचे काम आमच्या आईवडिलांना फारसे करावेच लागले नाही, ते दूरदर्शनने आणि केबलवाल्याने परस्पर केले. आज तेच काम पूर्णपणे आमच्या गळ्यात आले आहे आणि वर वडीलधारी मंडळी विचारतात, "तुम्ही असे कधी हट्ट केलेत का?" हट्ट करून उपयोग काय होता!

त्या काळातल्या एका छोट्या चित्रपटाचा उल्लेख इथे केल्यावाचून मला राहवत नाही, कारण मुलाबरोबर तो पुन्हा पाहताना मला त्यात काहीतरी नवे दिसले. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात वारंवार दाखवला जाणारा 'एक, अनेक और एकता' हा जेमतेम सात मिनिटांचा चित्रपट फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ साली विजया मुळे यांनी केला. मराठी घरात वाढलेल्या या बाईंनी शैक्षणिक चित्रपटांच्या क्षेत्रात मोठे काम केले. चित्रे भीमसेन यांची होती आणि सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चिमण्यांचा थवा, पारध्याचे जाळे आणि उंदीर सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझ्या मात्र लक्षात आले नव्हते ते असे की, ही गोष्ट मुलांना थेट सांगितलेलीच नाही. मुले एका थोरल्या बहिणीला प्रश्न विचारतात, तिच्या उत्तरातून गोष्ट सुरू होते आणि ती संपेपर्यंत ती ताई त्यांच्यात बसलेली असते. सोबतीला मोठे माणूस हवे, ही गोष्ट त्या चित्रपटाच्या रचनेतच आहे.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. २००४ मध्ये पोगो आणि हंगामा आले, त्यानंतर हिंदीत बोलणारा डोरेमॉन आला, २००८ मध्ये हैदराबादेत तयार झालेला छोटा भीम आला आणि त्याने परदेशी पाहुण्यांना चांगली टक्कर दिली. त्याच वर्षी 'शिन-चॅन'वर केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने हरकत घेतली, मालिका बंद झाली आणि पुढे काटछाट होऊन परतली. त्या वेळच्या गदारोळात एक गोष्ट कोणी फारशी सांगितली नाही: शिन-चॅनची मूळ चित्रकथा जपानमध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात छापून येत असे. पाच वर्षांचा वात्रट मुलगा हे मोठ्यांनी हसण्यासाठी काढलेले पात्र होते. आपण ते मुलांच्या वाहिनीवर, मुलांच्या वेळेला लावले आणि मग मुले त्याच्यासारखी बोलू लागली म्हणून कपाळाला हात लावला.

भाषेचा प्रश्न मात्र आमच्या ठाण्यात खराच जिव्हाळ्याचा आहे. माझा भाचा चौथीत आहे, मराठी घरात वाढतो आहे आणि पडला की, "मला चोट लागली," म्हणतो. त्याला राग येत नाही, "गुस्सा" येतो. सोसायटीच्या बागेत चोर-पोलीस खेळताना आठपैकी सहा मुले मराठी असली तरी, "भागो, भागो!" हीच आरोळी उठते. केवळ आपल्यावरच ही वेळ आली आहे असे वाटत असेल तर बांगलादेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या सरकारने २०१३ मध्ये हिंदीत भाषांतरित डोरेमॉनच्या प्रक्षेपणावर बंदी घातली, कारण मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली होती. बंदीने भाषा वाचते यावर माझा विश्वास नाही. माझ्या अनुभवात एवढेच आले आहे की कार्टूनमधला प्रसंग घरातल्या माणसाला मराठीत सांगावा लागला तर मुलाला मराठी शब्द शोधावे लागतात. "अकेलाला काय झालं रे?" या आईच्या एका प्रश्नाने आमच्याकडून किती मराठी बोलून घेतले, याचा हिशेब तिने कधी ठेवला नसेल.

आता फोनकडे येते, कारण खरा बदल तिथेच झाला आहे.

सासूबाईंकडे एका स्टीलच्या डबीत चिंचोके आहेत, सारीपाटासाठी जपून ठेवलेले. हेडफोन प्रकरणानंतरच्या एका रविवारी मी ती डबी आणि एक वाटी घेऊन मुलाशेजारी बसले आणि त्याचे आवडते गाणे लावले, इंग्रजीतल्या एका अतिशय लोकप्रिय बालगीत-वाहिनीवरचे. चित्राची चौकट बदलली की एक चिंचोका वाटीत, असा खेळ ठरला. एका मिनिटात वाटीत सव्वीस चिंचोके पडले आणि दोनदा माझा हात मागे राहिला, म्हणजे कदाचित अठ्ठावीस. मग 'जंगल बुक'चा जुना भाग लावला आणि पुन्हा एक मिनिट मोजले, तेव्हा नऊ पडले. मधे एकदा तर बघीरा नुसता फांदीवर बसून होता, काहीच घडत नव्हते, आणि मुलगा चिंचोका हातात धरून वाट पाहत होता. "आई, हा अडकला का?" असे त्याने विचारले. त्याला वाटले नेट गेले.

या वेगाबद्दल शास्त्रज्ञ काय म्हणतात ते मी नंतर शोधून वाचले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा २०११ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. चार वर्षांच्या साठ मुलांचे तीन गट करून एका गटाला नऊ मिनिटे वेगवान कार्टून दाखवले, दुसऱ्याला तेवढाच वेळ संथ कार्यक्रम दाखवला, तिसऱ्याला चित्रे काढायला बसवले आणि लगेच एकाग्रतेच्या व संयमाच्या छोट्या चाचण्या घेतल्या. वेगवान कार्टून पाहिलेली मुले त्यात मागे पडली. त्या कार्टूनमध्ये दृश्य सरासरी अकरा सेकंदांनी बदलत होते, संथ कार्यक्रमात चौतीस सेकंदांनी. त्यांची मोजणी पूर्ण दृश्य बदलण्याची होती आणि माझी नुसती चौकट बदलण्याची, त्यामुळे माझे चिंचोके त्या आकड्यांशेजारी मांडता येत नाहीत, हे मला कळते. शिवाय तो परिणाम कार्टून संपल्यानंतर लगेचचा होता. तो किती काळ टिकतो, हे त्या अभ्यासात नाही. आणि लिलार्ड यांच्याच गटाने २०१५ मध्ये पुढे जे प्रयोग केले त्यांत असे दिसले की त्रास वेगापेक्षा अशक्य गोष्टींचा होतो, म्हणजे प्रत्यक्षात कधीच घडू न शकणारी घटना एकामागून एक घडत गेली की लहान मुलाच्या मेंदूची दमछाक होते. माझ्या चिंचोक्यांचा त्यात थोडा अपमानच झाला. पण जे पाहतो आहोत ते समजून घ्यायला मुलाला उसंत हवी, एवढा धागा दोन्हींत समान आहे असे मला वाटते.

ही उसंत मुद्दाम ठेवणारे लोकही होऊन गेले आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या कार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून खरोखरच गप्प बसे, पडद्यापुढच्या मुलाने उत्तर द्यावे म्हणून. आणि तोच भाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज दाखवत, कारण लहान मुलाला पहिल्या दिवशी न समजलेले चौथ्या दिवशी समजते. त्याहून जुना 'सेसमी स्ट्रीट' १९६९ चा. त्यात नामवंत गायक आणि नट पाहुणे म्हणून आणायचे, मोठ्यांना हसू येईल असे विनोद पेरायचे, हे ठरवून केलेले होते, आणि त्यामागचा हेतू असा की आईबापांनाही बसावेसे वाटावे, कारण मोठ्यांबरोबर पाहिले तर मूल अधिक शिकते. आजच्या फोनवरच्या बालगीतांत मोठ्यांसाठी एक ओळही नसते. ती मी सलग दहा मिनिटे ऐकू शकत नाही आणि मला आता संशय येतो की म्हणूनच आपण हेडफोन घेतो. मुलांचा कार्यक्रम मोठ्यांना असह्य झाला की मोठे खोलीबाहेर जातात आणि मग त्या खोलीत मूल आणि पुढचा व्हिडिओ सुचवणारे यंत्र, असे दोघेच उरतात. त्या यंत्राला मुलाचे वय माहीत नसते. आमच्या घरी तर मुलगा माझ्याच खात्यावर पाहत होता, म्हणजे यंत्राच्या लेखी चाळिशीतली एक बाई रोज दुपारी दीड तास बसची गाणी ऐकत होती.

वेळेच्या मर्यादेबद्दल डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाच वयात तासाभरापेक्षा जास्त नको, तेही देखरेखीखाली, असाच आहे. हे मला आधीही माहीत होते. मी तासाचा हिशेब ठेवत होते आणि देखरेख विसरले होते.

मात्र ही देखरेख कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर घरोघरी एकच ठरून गेलेले असते. हत्तीची गोष्ट मी नात्यात सांगितली तेव्हा, "आईचं लक्ष हवं गं," असे मला चौघींनी आणि दोघांनी ऐकवले. नवऱ्याला एकानेही ऐकवले नाही. सकाळी सव्वासातला पोळीभाजीचा डबा घेऊन निघणारी, दोन गाड्या सोडून तिसरीत कशीबशी चढणारी आणि संध्याकाळी पाळणाघरातून मूल उचलून घरी येऊन कुकर लावणारी बाई त्या वीस मिनिटांसाठी फोन हातात देते, तेव्हा ती हयगय करत नसते, कुकर लावत असते. राम मारुती रस्त्यावरच्या कुठल्याही उपाहारगृहात सॉसच्या बाटलीला टेकवलेले फोन आणि त्यांच्यापुढे यंत्रवत तोंड उघडणारी मुले दिसतात, त्यांच्याकडे पाहून मी पूर्वी नाक मुरडत असे. आता मुरडत नाही.

आमच्याकडे बदल झाला तो असा. हेडफोन माळ्यावर गेला. फोनवर कार्टून बंद, जे पाहायचे ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढा ठेवून. मुलांसाठीच्या ॲपमध्ये आपण निवडलेलेच दिसेल अशी सोय असते आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंदही करता येते. ही दोन्ही कामे करायला मला एका संध्याकाळची पंधरा मिनिटे लागली आणि ती पंधरा मिनिटे मी वर्षभर काढली नव्हती, हेही नोंदवून ठेवते. माझ्या बैठका आता शयनगृहात कपाटाला पाठ लावून चालतात. आणि टीव्हीपुढे सासूबाई बसतात, हातात वाटाणे नाहीतर लसूण असतो.

सासूबाईंना आधी हे काम शिक्षेसारखे वाटले. आठवडाभरात त्यांची डोरेमॉनबद्दल मते तयार झाली. "त्या नोबिताला त्याचा अभ्यास त्याला करू दे म्हणावं, हे मांजर त्याला पार पांगळं करून ठेवणार," हे पहिले मत. दुसरे असे की डोरेमॉनच्या पोटातल्या खिशातून जे निघते त्याने भागाच्या शेवटी घोटाळाच होतो, म्हणजे गोष्ट तशी बरी आहे. हे ऐकून मुलगा विचारात पडला आणि पुढच्या भागात ते यंत्र बाहेर आल्याबरोबर, "आजी, आता घोटाळा!" असे ओरडला. कथानकाचा असा अंदाज बांधणे हे समीक्षेचे पहिले पाऊल आहे, असे मी नवऱ्याला रात्री सांगितले, तर तो म्हणाला, "जेवायला वाढ."

'जंगल बुक' मात्र मुलाला आवडेल अशी मला आशा नव्हती. पहिले दोन भाग तो चुळबुळत होता. तिसऱ्यात शेरखान आला आणि त्याने विचारले, "हे येऊरला आहे का?" आमच्या खिडकीतून येऊरच्या डोंगराची कड दिसते आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होते, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. वाघ नाही पण बिबटे आहेत, असे सासूबाईंनी सांगितले आणि लग्न होऊन ठाण्यात आल्या तेव्हा येऊरच्या पायथ्याशी कोणाचे तरी कुत्रे बिबट्याने उचलल्याची गोष्टही रंगवली. मी जरा धास्तावले. हत्ती आणि इंजेक्शन माझ्या डोक्यात होते. पण मुलगा घाबरला नाही. त्याने कुत्र्याचे नाव विचारले, ते कोणत्या रंगाचे होते ते विचारले, बिबट्याला भूक लागली असेल असे स्वतःच ठरवले आणि मग बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. एकाच मुलाला एका भीतीने पलंगाखाली नेले आणि दुसरीने खिडकीशी. त्या रविवारी आम्ही येऊरच्या फाटकापर्यंत चालत जाऊन आलो. बिबट्या दिसला नाही, वानरे दिसली आणि परतताना उपवन तलावाशी मक्याचे कणीस मिळाले.

हे सगळे रोज असेच सुरळीत चालते असे मात्र नाही. जुलैत पावसाने गाड्या बंद पडल्या त्या दिवशी नवरा रात्री अकराला घरी पोचला, सासूबाई गावी होत्या, माझे काम संपत नव्हते आणि मुलाने सलग दोन तास भीम पाहिला. लाडू खाऊन ताकद येते, हे त्या दिवशी त्याला कोणी समजावून सांगितले नाही आणि रात्री त्याने जेवणाऐवजी लाडू मागितले. मी दिला.

कापडी हत्तीच्या पायांची नाडी मी तेव्हाच सोडली होती. डॉक्टरांकडे जायला तो पुन्हा तयार झाला तो मार्चमध्ये, हत्तीला बरोबर घेऊन, आणि आधी हत्तीला तपासा या अटीवर. डॉक्टरांनी तपासले आणि चांदणीचा शिक्का दोघांनाही मिळाला.

रोज संध्याकाळी दोन भाग, असे आमचे ठरले आहे आणि टीव्ही बंद करण्याचा मान त्याचा आहे, कारण दुसऱ्याने बंद केला की रडारड होते आणि स्वतः केला की होत नाही, हा शोध आम्हाला अपघाताने लागला. काल मी बैठक आटोपून बाहेर आले तेव्हा दुसरा भाग नुकताच संपत होता आणि त्याने रिमोट उचलला होता. सासूबाईंचा लसूण अर्धा सोलून झाला होता. "अरे, थांब थांब," त्या म्हणाल्या, "पुढं तो आईला खरं सांगतो की नाही, तेवढं बघू दे." त्याने त्यांच्याकडे पाहिले, बटण दाबले आणि रिमोट टीव्हीमागे नेऊन ठेवला.

"दोन झाले ना गं, आजी."